खातेवाटप

घर कसं चालवावं याविषयीचा सल्ला मराठीत भरपूर आहे, आणि तो जवळजवळ नेहमी एकाच माणसाला दिलेला असतो. लक्ष्मीबाई धुरंधरांचं पाकक्रियांचं पुस्तक १९१० साली आलं, त्याचं नावच ‘गृहिणी-मित्र’. मग मासिकांतली सदरं आली, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आल्या, आणि आता अर्ध्या मिनिटाची रील्स आहेत. कोथिंबीर निवडून कागदात गुंडाळून ठेवा, आलं-लसणाचं वाटण रविवारी करून ठेवा, मुलांचे गणवेश आदल्या रात्री काढून ठेवा. सल्ले वाईट नाहीत. कोथिंबीर खरंच टिकते. पण यातलं ‘ठेवा’ कुणाला उद्देशून आहे, हे कुणी विचारत नाही. आठ माणसांच्या घरातही ते एकीलाच उद्देशून असतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वय २८, लग्नाला दीड वर्ष झालं तेव्हाची ही हकिकत. पुण्यात सिंहगड रस्त्याला शेजारशेजारच्या दोन फ्लॅटच्या मधून दार काढून केलेलं आमचं घर आहे. त्यात आजी, म्हणजे माझ्या आजेसासूबाई, वय ८४. आई-बाबा, म्हणजे सासूबाई आणि निवृत्त सासरे. दादा आणि वहिनी, म्हणजे मोठे दीर-जाऊबाई. त्यांची दुसरीतली मुलगी. आणि आम्ही दोघं. दादा कारखान्यात, वहिनी बँकेत, नवरा माझ्यासारखाच आयटीत. धुण्याभांड्याला मावशी येतात. पोळ्यांना बाई मिळतात नि सोडून जातात.

आयटीतल्या लोकांना ‘केटी’ म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी: नॉलेज ट्रान्सफर. एखादा सहकारी नोकरी सोडून चालला, की नोटीस पिरियडमध्ये त्याच्या डोक्यातलं सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यात उतरवून घ्यायचं. कुठला प्रोग्रॅम रात्री दोन वाजता आपोआप सुरू होतो, तो अडकला तर आधी काय बघायचं, कोणता क्लायंट सोमवारी सकाळी हटकून फोन करतो. याच्याच जोडीला आमच्याकडे ‘बस फॅक्टर’ नावाची एक जराशी क्रूर कल्पना आहे. टीममधली किती माणसं बसखाली आली तर काम ठप्प होईल? उत्तर ‘एक’ असेल तर मॅनेजरची झोप उडते. आमच्या घराचा बस फॅक्टर एक होता, आणि तो एक म्हणजे आई. पस्तीस वर्षं यामुळे कुणाची झोप उडाली नव्हती, कारण आई सलग दहा दिवसांच्या वर कुठे गेल्याच नव्हत्या.

मग नणंदेचं दुसरं बाळंतपण आलं. ती बंगळुरूला असते, थोरल्याची शाळा तिथे, म्हणून तिला माहेरी येणं शक्य नव्हतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आई जाणार, त्या मार्चमध्ये परत येणार, असं ठरलं. डिसेंबरमध्ये एका रात्री ओटा आवरून झाल्यावर त्यांनी मला हाक मारली. हातात जुनी डायरी होती. “मी सांगत जाते, तू कॉम्प्युटरवर घे. तुझा हात चालतो भराभर.”

पाच रात्री आम्ही बसलो. मला वाटलं होतं, तीस-चाळीस ओळी होतील. १४३ झाल्या.

त्या यादीवर थोडं थांबते, कारण या लेखात सांगण्यासारखं जे आहे ते बरंचसं तिच्यातच आहे. आजीची थायरॉईडची गोळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी. चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियमची गोळी तिच्यापासून किमान चार तास लांब, म्हणून ती दुपारच्या जेवणाबरोबर. रक्तदाबाच्या पाकिटात पाच गोळ्या उरल्या की नवीन आणायचं; दोन उरल्यावर नाही, कारण नेमकी ती कंपनी दुकानात नसली तर मागवायला दोन दिवस लागतात. सिलिंडर बदलला की त्या दिवशी कालनिर्णयच्या चौकोनात टिंब करायचं. आठ माणसांत १४.२ किलोचा सिलिंडर आमच्याकडे साधारण तीन आठवडे जातो, पाहुणे असले तर त्याहून कमी. टिंब केलं त्याच दिवशी पुढचा बुक करायचा. गुरुवारी पाणी बंद असायची शक्यता असते, म्हणून बुधवारी रात्री पेपर किंवा महापालिकेचा मेसेज बघायचा, पिंप आणि बादल्या भरायच्या, आणि मावशींना ‘उद्या लवकर या’ असा फोन करायचा. संकष्टीच्या आदल्या रात्री साबुदाणा भिजवायचा, पण वाटीत किती घालायचा ते त्या महिन्यात वहिनी उपास करणार आहे का यावर. मावशींची मुलगी दहावीला आहे, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या खाडे करतील; त्यांना बोलायचं नाही, उलट आधीच विचारून ठेवायचं. पुतणीच्या शाळेत बुधवारी पांढरे बूट. दर चार महिन्यांनी तिचे बूट घट्ट होतात, पण ती सांगत नाही, चालताना टाच बाहेर काढते, तेवढ्यावरून ओळखायचं.

शेवटच्या ओळीला माझी बोटं की-बोर्डवर थांबली होती. हे ‘काम’ म्हणून कुठल्या रकान्यात टाकणार? बूट आणायला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास दादा एका शनिवारी हसतहसत देतात. टाचेकडे चार महिने लक्ष ठेवायला किती वेळ लागतो?

किंवा मटकी घ्या. मोड आलेल्या मटकीची उसळ मंगळवारी रात्री हवी असेल तर मटकी सोमवारी सकाळी भिजत पडायला हवी, रात्री उपसून फडक्यात बांधायला हवी, आणि थंडी असेल तर ते गाठोडं गरम जागी ठेवायला हवं. म्हणजे मंगळवारच्या रात्रीचा निर्णय सोमवारी सकाळी साडेसहाला झालेला असतो. मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून येऊन “आज मी करतो उसळ, बोल काय मदत करू?” असं म्हणणारा माणूस प्रेमळ असतो, पण तो छत्तीस तास उशिरा आलेला असतो.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ साली यावर एक शोधनिबंध लिहिला. ३५ जोडप्यांच्या म्हणजे ७० जणांच्या सविस्तर मुलाखती घेऊन त्यांनी घरकामाच्या डोक्यातल्या भागाचे चार तुकडे केले: गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं, आणि नंतर ते नीट झालं की नाही याकडे लक्ष ठेवणं. निर्णय घेण्यात नवरा-बायको बऱ्यापैकी बरोबरीने असतात. पण पहिला आणि शेवटचा, म्हणजे ओळखणं आणि लक्ष ठेवणं, हे तुकडे जास्त करून बाईकडे असतात, असं त्यांना दिसलं. मी हे वाचलं आणि आमची यादी पुन्हा उघडली. १४३ पैकी प्रत्यक्ष हातपाय हलवण्याच्या ओळी निम्म्याहून कमी होत्या. बाकीच्या सगळ्या ‘बघायचं’, ‘आठवण ठेवायची’, ‘विचारून घ्यायचं’.

आपल्याकडे केंद्र सरकार वेळेच्या वापराचं सर्वेक्षण करतं. २०१९ मध्ये घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७ मिनिटं. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. दोघांचाही वेळ थोडा घटला, दोघांमधलं अंतर जवळजवळ होतं तिथेच राहिलं. आणि पुरुषांचा हा आकडा फक्त ‘करणाऱ्या’ पुरुषांचा आहे, दिवसभरात असं काही काम करणारे पुरुष मुळात शंभरात सत्तावीस. हे सर्वेक्षण पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंतचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रकान्यांत भरून घेतं. त्या रकान्यांत भांडी दिसतात, स्वयंपाक दिसतो. बँकेत काउंटरवर बसून ‘आज टाकीत पाणी चढवलं का’ हा विचार करणारी वहिनी त्या अर्ध्या तासात नोकरीच्या रकान्यात असते.

तर यादी झाली. पण ती कुणासाठी, हे एकदाही न बोलता ठरलेलं होतं. वहिनी सकाळी साडेआठला बाहेर पडते ती साडेसातला येते. मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते. आत्याबाई फोनवर म्हणाल्याच, “धाकटी घरीच असते ना, मग तुला कसली काळजी!” घरून काम म्हणजे घरी असणं, हा समज मोडायला माझ्याकडे फेब्रुवारीतली रिलीज होती. तिच्या आधीचे तीन आठवडे मी हेडफोन लावून दाराकडे पाठ करून बसणार होते. पण खरं कारण ते नव्हतं. रिलीज नसती तरी मला ते नको होतं. बस फॅक्टर एकचा एकच राहून फक्त बसखालचं माणूस बदलणार होतं. आईंनी हे सगळं आजींकडून असंच घेतलं असणार, बहुधा डायरीशिवाय. चाळीस वर्षांनी मीही एखाद्या मुलीला हाक मारली असती.

नवऱ्याशी आधी बोलले. तो म्हणाला, “तू फक्त सांगत जा, मी करीन सगळं.” फ्रान्समध्ये एम्मा या नावाने चित्रकथा काढणारी एक बाई आहे. २०१७ साली तिची एक चित्रकथा फार गाजली. तिच्या नावाचा मराठीत अर्थ होईल ‘सांगायचं होतंस ना!’ ती मी त्याला दाखवली. सांगणारी ही व्यवस्थापक होते आणि करणारा हाताखालचा माणूस, आणि व्यवस्थापन हे स्वतःच पूर्ण वेळाचं काम आहे, असं त्यात म्हटलं आहे. आम्ही दोघंही रोज सकाळी दहाच्या स्टँड-अपला मॅनेजरला काय वाटेल ते बोलत असतो, पण त्याचं काम हे काम नाही असं कधी म्हणत नाही. नवऱ्याला ते त्या बाजूने पटलं. उदाहरण आपल्या धंद्यातलं असलं की माणसाला लवकर पटतं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी यादी छापून सगळ्यांच्या हातात दिली. सात पानं होती. बाबा चष्मा लावून पूर्ण वाचत बसले. दादांनी दुसऱ्या पानावर विचारलं, “हे सगळं आई करते?” आई म्हणाल्या, “त्यात काय एवढं.” मग मी म्हटलं, “हे एकीकडे नको. वाटून घेऊया. मंत्रिमंडळात असतं तसं खातेवाटप.”

आईंना ते आवडलं नाही. त्या लगेच काही बोलल्या नाहीत, उठून आतून बडीशेपेचा डबा आणला, सगळ्यांना दिली, आणि मग म्हणाल्या, “म्हणजे मी इतकी वर्षं केलं ते सहा जणांनी मिळून करायचं?” त्यात तक्रार होती की अभिमान, हे मला तेव्हा कळलं नाही. दोन्ही असावं. माझ्या बाजूने हा ओझं वाटून घ्यायचा प्रश्न होता. त्यांच्या बाजूने तो त्यांच्या जागेचा होता. ज्या माणसाला विचारल्याशिवाय घरातलं पान हलत नाही, त्याला ‘आता विचारायची गरज नाही’ असं सांगणं ही नेहमी सुटका असतेच असं नाही. टीममध्येही मी हे पाहिलंय. पंधरा वर्षं एकच जुनी सिस्टीम सांभाळणारा माणूस तिची माहिती लिहून द्यायला टाळाटाळ करतो तो दर वेळी आळसाने नाही.

तोडगा आजींनी काढला. त्या म्हणाल्या, “तिला बंगळुरूहून दिवसाला दहा फोन करायचे नसतील, तर वाटा.” झालं.

खातं द्यायचं तर आख्खं द्यायचं, एवढा एकच नियम मी धरून ठेवला. ‘किराणा आणणे’ हे खातं नाही. काय संपत आलंय ते बघणं, यादी करणं, आणणं, डब्यात भरणं, आणि बिल भलतंच वाढलं तर का वाढलं ते शोधणं, हे सगळं मिळून एक खातं. ते दादांकडे गेलं. औषधं, दूध आणि पाणी बाबांकडे. संध्याकाळचं जेवण, म्हणजे काय करायचं हे ठरवण्यापासून भाजी आणण्यापर्यंत, सोमवार ते शुक्रवार नवऱ्याकडे. पोळीवाल्या बाई आल्या तर आल्या. मावशी, गॅस, कपडे माझ्याकडे. वहिनीकडे सकाळचे डबे होतेच, पण पुतणीची शाळा तिने दादांच्या गळ्यात घातली. बूट धरून. त्यावर दादा म्हणाले, “बुटांचं मला कसं कळणार?” वहिनी म्हणाली, “मला कसं कळलं?” तो विषय तिथेच संपला.

दुसरा नियम नंतर, गरजेतून आला. ज्याचं खातं त्याची पद्धत. बाकीच्यांनी तपासायला जायचं नाही. हा पाळायला सगळ्यात अवघड. नवऱ्याने पहिल्या आठवड्यात तीन वेळा फ्लॉवर-बटाटा केला. वहिनी आणि मी एकमेकींकडे बघून जेवलो. बोललो असतो तर ‘मग तूच सांग काय करू’ हे वाक्य आलं असतं, आणि खातं फिरून आमच्याकडे. चौथ्या दिवशी पुतणीनेच “काका, परत?” म्हणून निकाल लावला. दुसऱ्या आठवड्यात त्याने मटकी भिजवली. मी ते पातेलं सकाळी ओट्यावर बघितलं आणि काही बोलले नाही, पण माझ्या लग्नातल्या काही मोजक्या रोमँटिक क्षणांत मी ते धरते.

साधनांविषयी दोन शब्द, कारण माझ्या धंद्यातल्या माणसाकडून लोकांची तीच अपेक्षा असते. नवऱ्याने एक ॲप सुचवलं, कामांची तिकिटं टाकता येतील असं. आठ दिवसांत ते बंद पडलं. आजींकडे स्मार्टफोन नाही, बाबा नोटिफिकेशन वाचतात पण उघडत नाहीत, आणि आम्ही चौघं ऑफिसात तिकिटं बघून इतके विटलेलो असतो की घरी तो टिंग आवाजही नको होतो. शेवटी कालनिर्णयच राहिलं. त्याच्या चौकोनात चार रंगांचे पेन, फ्रिजवर एक पांढरा फळा. भिंतीवरच्या कागदाला एक मोठा गुण असतो, की तो येताजाता न उघडता दिसतो.

किराण्यासाठी दादांनी त्यांच्या कारखान्यातली पद्धत लावली. टोयोटाच्या कारखान्यांतून जगभर गेलेली कानबान, तिचं साधं रूप दोन खोक्यांचं: पुढचं खोकं रिकामं झालं की मागचं पुढे घ्यायचं, आणि रिकामं खोकं हीच पुढची मागणी. त्यांनी तूरडाळ, तांदूळ, साखर, चहा, तेल यांचे दोन-दोन डबे केले. मागचा डबा उघडला की फळ्यावर नाव लिहायचं. मोजायला नको, अंदाज नको. त्यांनी हे फार उत्साहाने व्हिडिओ कॉलवर आईंना दाखवलं. आई म्हणाल्या, “अरे, मागचा डबा मी काय शोभेला ठेवते?” पस्तीस वर्षं स्वयंपाकघरात कानबान होती. फळा तेवढा नव्हता. तो त्यांच्या डोक्यात होता.

सकाळचा गोंधळ मात्र आईंच्या काळातही होता आणि त्याचं उत्तर यादीत नव्हतं. दोन बाथरूम, साडेसहा ते पावणेआठ या वेळात अंघोळीला सहा जण. रांगांच्या गणितात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. येणाऱ्यांच्या वेळा आणि लागणारा वेळ अनिश्चित असेल, तर एकच खिडकी निम्मा वेळ व्यग्र असताना थांबण्याचा सरासरी काळ एका माणसाच्या कामाइतका असतो. ती खिडकी नव्वद टक्के व्यग्र झाली की तो त्याच्या नऊ पट होतो. भरत आलेल्या ग्लासात शेवटचे थेंब कसे अलगद टाकावे लागतात, तसं हे. सवा तासाच्या वेळात प्रत्येकाला दोन मिनिटं घाई करायला लावून काही सुटत नाही. रांगेतून माणसं कमी करावी लागतात. नवरा आणि दादा रात्री अंघोळ करायला लागले आणि सकाळची आरडाओरड जवळजवळ थांबली. घरातली घाईची वेळ सुधारायची तर त्या वेळेत काय वेगाने करता येईल हे शोधण्याआधी काय तिथून उचलून दुसरीकडे ठेवता येईल ते बघावं, एवढं मी आता कुणालाही सांगते. डबे भरायची भाजी रात्री चिरणं, गणवेश आदल्या रात्री काढणं, हे जुने सल्ले मुळात तेच सांगत होते. फक्त रात्री कुणी, हे सांगत नव्हते.

सगळं सुरळीत झालं असं नाही. फेब्रुवारीत मावशींचे खाडे एकदम आले, माझ्या रिलीजच्या आठवड्यात. तेव्हा तीन दिवस भांडी बाबांनी घासली, आणि हे सोसायटीत कळलं तेव्हा कट्ट्यावर थोडी थट्टाही झाली. बाबा म्हणाले, “मी चाळीस वर्षं मशिनं साफ केली, त्याला पगार होता एवढाच फरक.” औषधांचं खातं त्यांनी ज्या काटेकोरपणे चालवलं ते आईंनाही जमलं नसतं. त्यांनी गोळ्यांचा तक्ता केला, त्यावर आजींच्या सह्या घेतल्या. आजी रोज सकाळी गोळी घेऊन थरथरत्या अक्षरात सही करायच्या आणि म्हणायच्या, “पेन्शनीला एवढ्या सह्या लागल्या नाहीत.”

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आई परत आल्या. बॅग ठेवून, हातपाय धुऊन, सरळ स्वयंपाकघरात. डबे वेगळ्या क्रमाने लागले होते. त्या त्यांच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, एक डबा उचलून जुन्या जागी ठेवला, आणि मग परत नव्या जागी ठेवला. संध्याकाळी म्हणाल्या, “माझ्याकडे काय मग आता? बिनखात्याची मंत्री?” सगळे हसले, त्याही हसल्या. पण पुढचे काही दिवस त्या घरात जरा पाहुण्यासारख्या वावरत होत्या, हे वहिनीच्याही लक्षात आलं. त्यांनी काही खाती परत मागितली नाहीत. रविवारचा स्वयंपाक आणि उन्हाळी वाळवण घेतलं. गोळ्यांविषयी बाबांना विचारायचं नाही असं ठरलेलं, म्हणून त्या आजींना विचारायच्या, “घेतलीत ना हो?” आजी म्हणायच्या, “मला काय विचारतेस, त्याचा तक्ता बघ.” लक्ष ठेवणं हे सगळ्यात शेवटी सुटतं.

यादीतल्या एकतीस ओळी मात्र त्या रविवारी कुणीच घेतल्या नव्हत्या. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या मुलीचा निकाल, कुणाच्या वर्षश्राद्धाला निदान फोन करायचा, कुणाकडे आहेर किती दिला होता आणि म्हणून किती द्यायचा, कुणाशी मागच्या लग्नापासून बोलणं नाही पण संक्रांतीला तिळगूळ पाठवायचा. आई बंगळुरूहूनच ते चालवत होत्या, बाळाला मांडीवर घेऊन. परत आल्यावर मी विचारलं तर म्हणाल्या, “ते राहू दे माझ्याकडे. ते वाटता येत नाही. तुम्ही फोन केलात तर लोकांना वाटेल मला काहीतरी झालंय.”

एप्रिलमध्ये, मिरच्यांना ऊन दाखवत असताना, त्यांनी आपणहून एकतीसपैकी तीन नावं काढली. नाशिकच्या मावशी माझ्याकडे आल्या. दोन चुलतकाका नवऱ्याकडे. तो दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, काय विचारायचं ते कागदावर लिहून घेऊन, फोन लावतो. पहिला फोन एक मिनिट चाळीस सेकंद चालला. परवाचा अकरा मिनिटं चालला, आणि त्यातली नऊ मिनिटं काका त्याला गुडघ्याच्या ऑपरेशनला कुठला डॉक्टर बरा, हे विचारत होते. फोन ठेवल्यावर त्याने कालनिर्णय उघडून ऑपरेशनच्या तारखेच्या चौकोनात काकांचं नाव लिहिलं.